लहरींच्या वाटेची पारख

माझ्या वडिलांच्या पिढीतल्या लोकांना रात्रीचा रेडिओ सिलोन चांगला आठवत असेल. गाणे ऐन रंगात यावे आणि आवाज एकदम दूर जावा, जणू गाणारा विहिरीत उतरून गातो आहे. मग क्षणभराने पुन्हा तो कानाशी यावा. वडील म्हणत, "आता रेडिओवर थाप मारू नका रे, त्याचा काही दोष नाही." आणि ते खरेच होते. आकाशात फार उंचावर विद्युत्भारित हवेचे थर आहेत. लघुलहरी त्यांच्यावर आपटून खाली येतात. एकच लहर दोन निरनिराळ्या वाटांनी आपल्या घरी पोचते, एक थोडी आधी, एक थोडी मागाहून. शिखरावर शिखर आले की आवाज वाढतो. शिखरावर खळगा आला की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. थर रात्रभर हलत असतात, म्हणून आवाजही रात्रभर वरखाली होत राहतो.

हीच गोष्ट आता माझ्या खिशातल्या फोनच्या बाबतीत इतवारीत रोज घडते. मागच्या महिन्यात किराणा ओळीत तूरडाळ घेतली आणि फोनवरून पैसे देऊ लागलो. पडद्यावरचे चक्र फिरते आहे, फिरतेच आहे. दुकानदार म्हणाला, "सर, थोडं इकडे या ना जी. तिथं नाही राहत नेटवर्क." मी दोन पावले सरकलो आणि पैसे गेले. त्या गृहस्थाने पदार्थविज्ञानाचे पुस्तक कधी उघडले असेल असे वाटत नाही, पण त्याने सांगितलेला उपाय शास्त्राला धरून होता. खरे तर दोन पावलांचीही गरज नव्हती. वीतभर सरकलो असतो तरी बहुधा चालले असते. ते का, हे आज पाहायचे आहे. आणि त्यातून निघणारा दुसरा प्रश्न मोठा आहे. ग्राहक वीतभर सरकला की वाट बदलते, तर ती वाट टॉवरला कळते कशी, आणि कळून घेण्याचा खर्च किती?

आधी लहरीच्या लांबीचा हिशेब करू. आपले नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले. मध्यम लहरींवर ते कित्येक वर्षे ५८५ किलोहर्ट्झवर लागत असे. त्या लहरीची लांबी अर्ध्या किलोमीटरहून थोडी अधिक. एवढ्या लांब लहरीला इतवारीची एखादी गल्ली म्हणजे हत्तीच्या पायाखालचा खडा. याउलट फाइव्ह-जी म्हणून जी सेवा भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, तिचा मुख्य पट्टा सेकंदाला सुमारे साडेतीनशे कोटी आंदोलनांचा आहे. (त्याच महिन्यात एका कंपनीने ही सेवा पहिल्यांदा ज्या आठ शहरांत आणली त्यांत आपले नागपूर होते.) या लहरीची लांबी साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांच्या रुंदीहून थोडी जास्त. तिला दुकानाचे लोखंडी शटर, गच्चीवरची पाण्याची टाकी, शेजारचा पत्रा, ओळीने लावलेल्या स्कूटी, सगळे काही दिसते. ती सगळीकडे आपटते आणि पाचसात वाटांनी फोनपाशी येते. लांबीच्या निम्म्याने, म्हणजे चारएक सेंटिमीटरने आपण हललो की या वाटांची बेरीज-वजाबाकी पार बदलून जाते.

आता सराफा ओळीत जाऊ. सोने पारखणारा काय करतो? आलेल्या दागिन्याची रेघ काळ्या दगडावर ओढतो आणि तिच्या शेजारी, ज्याचा कस आधीच पक्का माहीत आहे अशा सोन्याची रेघ ओढतो. माहीत असलेल्यावरून माहीत नसलेले ओळखायचे. बिनतारी यंत्रणाही नेमके हेच करते. मजकूर पाठवण्याआधी किंवा मजकुराच्या मधे मधे ती काही ठरलेल्या खुणा पाठवते. त्या खुणा काय आहेत हे पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही आधीच ठाऊक असते. अभियंते त्यांना पायलट म्हणतात. आपण खूणलहर म्हणू. समजा खूणलहर ४ मापाची पाठवली आणि १ मापाची पोचली, तर वाटेने तिला चौथाई केले. पाठोपाठ आलेला मजकूर ३ मापाचा असेल, तर मूळ १२ होते हे पाचवीतला मुलगाही सांगेल. प्रत्यक्षात लहर लहान होते तशी तिची वेळही चुकते. घड्याळाचा काटा जसा पुढेमागे व्हावा तशी. तो काटा किती फिरला हेही त्याच खुणेवरून काढतात. या साऱ्या उद्योगाला चॅनल एस्टिमेशन असे नाव आहे. सरळ मराठीत वाटेची पारख.

पण पारख फुकट होत नाही. खूणलहर चालू असते तेवढा वेळ मजकूर थांबतो. शिक्षक मंडळींना हे लगेच पटेल. वर्षात चाचण्या जास्त घेतल्या की शिकवायला दिवस उरत नाहीत. चाचणी घेतलीच नाही, तर मुलांना किती आले ते कळत नाही आणि शिकवणे अंधारात चालते. जून महिन्यातल्या चाचणीवर मार्च महिन्यात विसंबूनही चालत नाही. वाटेच्या पारखेचेही असेच आहे, फक्त इथले शैक्षणिक वर्ष सेकंदाच्या हजाराव्या भागात संपते. पायी चालणारा माणूस चार सेंटिमीटर जायला तीसएक मिलिसेकंद घेतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढेच अंतर दीड मिलिसेकंदाच्या आत तोडते. तेवढ्यात जुनी पारख शिळी होते.

इतकी झपाट्याने बदलणारी वाट मोजता तरी येते का? हा प्रश्न पुण्याच्या एका विद्यार्थ्याने फार पूर्वी हाती घेतला होता. थॉमस कैलाथ यांचा जन्म १९३५ चा, पुण्यातला. घरची भाषा मल्याळम, शिक्षण पुण्याचे. १९५६ साली पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठात गेले. तिथल्या १९५९ च्या प्रबंधात आणि १९६२ साली छापलेल्या एका लेखात त्यांनी बदलत्या वाटेची मोजणी केव्हा शक्य आहे याचा विचार केला. गणित सोडून द्या, त्यातली कल्पना अशी. तुम्ही एखाद्या दरीच्या काठी उभे राहून टाळी वाजवली, तर सगळे प्रतिध्वनी विरेपर्यंत दुसरी टाळी वाजवता येत नाही; नाहीतर कुठला प्रतिध्वनी कुठल्या टाळीचा हे कळायचे नाही. पण प्रतिध्वनी विरेपर्यंत दरीच आपला आकार बदलू लागली तर? मग कितीही टाळ्या वाजवा, दरीचा आकार हाती लागणार नाही. प्रतिध्वनी विरायला लागणारा वेळ हा वाट बदलायला लागणाऱ्या वेळेहून कमी असला पाहिजे, अशी ती मर्यादा आहे.

आपल्या फोनला ही मर्यादा लावून पाहू. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. वळसा घेऊन येणारा प्रतिध्वनी ३०० मीटर जास्त फिरून आला असे धरले तरी तो सरळ येणाऱ्याच्या मागे एकच मायक्रोसेकंद राहतो. समृद्धीवरच्या गाडीची वाट बदलते हजारएक मायक्रोसेकंदांत. म्हणजे हजारपट सवड आहे. मोटारीत बसून आपण बोलू शकतो ते या सवडीमुळे. समुद्राच्या पाण्यात ध्वनिलहरींनी संदेश पाठवणाऱ्यांना एवढी सवड नसते, कारण पाण्यात ध्वनी सेकंदाला फक्त दीड किलोमीटर जातो. प्रतिध्वनी रेंगाळतात आणि पाणी स्वस्थ बसत नाही.

समुद्राचा विषय निघालाच आहे, तर या गोष्टीतला दुसरा माणूस तिथूनच आला आहे. आरोग्यस्वामी पॉलराज, जन्म १९४४, तमिळनाडूतले. वयाच्या पंधरासोळाव्या वर्षी ते पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले, आणि पुढे लोणावळ्याला नौदलाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले. ९ डिसेंबर १९७१ रोजी आपली खुकरी ही युद्धनौका पाणबुडीने बुडवली. पाण्याखालची शत्रूची चाहूल आधी लागावी म्हणून नौदलाला नवे ध्वनियंत्र हवे होते. त्या कामात पॉलराज यांनी कित्येक वर्षे घालवली. अनेक कानांनी ऐकायचे आणि आवाज कुठल्या दिशेचा ते गणिताने काढायचे, असा तो धंदा. पुढे ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, जिथे कैलाथ प्राध्यापक होते. १९९२ साली या दोघांनी मिळून एका पेटंटसाठी अर्ज केला. १९९४ साली ते मंजूर झाले. अनेक अँटेनांनी एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर, वेगवेगळा मजकूर पाठवायचा आणि अनेक अँटेनांनी तो वेगळा करून घ्यायचा, ही ती कल्पना. तिला आज मायमो म्हणतात. हल्ली विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत ती आहे.

अनेक एरियल ओळीने उभे करण्याचे कौतुक आपल्याकडे जुने आहे. १९२७ साली विलायतेशी तारायंत्राविना थेट संदेश सुरू झाले, तेव्हा खडकीला पाठवण्याचे आणि दौंडला घेण्याचे केंद्र होते. तिथे तारांचे पडदेच्या पडदे उंच खांबांवर ताणले होते, त्यामुळे लहर एका दिशेला एकवटे. पण त्यांचे काम एका अर्थी सोपे होते: विलायत जागची हलत नाही! दिशा एकदा ठरवली की झाले. इतवारीतला ग्राहक मात्र डाळीच्या पोत्याला वळसा घालून मसाल्याकडे जातो.

एकाच वेळी पाठवलेला वेगवेगळा मजकूर वेगळा कसा करता येतो? आठवीनववीच्या शिक्षकांसाठी हे उदाहरण. टॉवरच्या दोन अँटेनांनी दोन संख्या पाठवल्या, क्ष आणि य. फोनच्या पहिल्या अँटेनाला ऐकू आले: दोन क्ष अधिक य बरोबर ८. दुसरीला ऐकू आले: क्ष अधिक तीन य बरोबर ९. मुले लगेच सांगतील, क्ष ३ आणि य २. दोन अज्ञाते, दोन समीकरणे. पण ते २, १, १, ३ हे सहगुणक कुणी दिले? पाठ्यपुस्तकात ते छापलेले असतात. हवेत ते छापलेले नसतात. ते सहगुणक म्हणजेच वाटा, आणि त्यांची पारख खूणलहरींनी करायची. सहगुणक चुकले तर उत्तर चुकले, मग समीकरण कितीही सफाईने सोडवा.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. दोन्ही समीकरणे सारखीच निघाली तर ती सुटत नाहीत, हेही मुलांना माहीत असते. उघड्या माळावर टॉवर समोर दिसत असला की फोनच्या दोन्ही अँटेनांना जवळपास एकच ऐकू येते. समीकरणे सारखी होतात. इतवारीच्या गल्लीत शटर आणि टाक्या यांच्यावर आपटून लहरी येतात, म्हणून समीकरणे वेगळी राहतात. ज्या प्रतिध्वनींना आपण इतकी वर्षे शिव्या दिल्या, तेच इथे उपयोगी पडतात.

आता खर्चाचा हिशेब. आजच्या मोठ्या टॉवरवरच्या एका चपट्या पेटीत बहुधा ३२ किंवा ६४ अँटेनांची व्यवस्था असते. ६४ धरू, आणि गल्लीत एकाच वेळी ८ ग्राहक. म्हणजे ६४ गुणिले ८, पाचशेबारा सहगुणक. समजा वाट शिळी होण्याआधी हवेत २०० घरे भरायला मिळतात, वहीतल्या चौकोनांसारखी. टॉवरने एकेका अँटेनाची खूणलहर आळीपाळीने पाठवली, तर ६४ घरे त्यातच गेली. शिवाय प्रत्येक फोनने "मला असे असे ऐकू आले" हे उलट कळवायचे, त्याला आणखी घरे. अँटेना ६४ च्या १२८ केल्या, तर २०० पैकी १२८ घरे नुसत्या विचारपुशीत. अँटेना वाढवल्या कशासाठी, तर जास्त मजकूर जावा म्हणून. आणि जागा खाल्ली कुणी, तर पारखेने. घरात पाहुणे वाढले म्हणून मोठे भांडे आणावे आणि भांडे घासण्यातच पाणी संपावे, अशी ही गत.

यावरचा मोठा उपाय उलट बाजूने विचारण्याचा आहे. खुणा टॉवरने पाठवायच्या नाहीत, फोनने पाठवायच्या. आठ फोन, आठ घरे. एका फोनची एक खूण टॉवरच्या चौसष्टही अँटेना एकदमच ऐकतात. अँटेना १२८ केल्या तरी घरे आठच! आणि जाण्याची वाट तीच येण्याची वाट, कारण लहर ज्या टाकीवर आपटून वर गेली त्याच टाकीवर आपटून खाली येते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे थॉमस मार्झेटा यांनी २०१० साली हा विचार फार ठळकपणे मांडला, आणि शेकडो अँटेनांचे टॉवर ही कल्पना तिथून जोरात पुढे आली. अट एकच. जाणे-येणे एकाच पट्ट्यावर, आळीपाळीने झाले पाहिजे. आपल्याकडच्या साडेतीनशे कोटींच्या पट्ट्यात ते तसेच होते. जाण्याचा पट्टा वेगळा आणि येण्याचा वेगळा असला, तर लहरींची लांबी वेगळी, बेरीज-वजाबाकी वेगळी, आणि उलट्या पारखेचा थेट उपयोग नाही.

यात एक खोच आहे. खुणा मोजक्याच असतात, म्हणून शेजारचा टॉवरही त्याच वापरतो. शाळेत दोन वर्गांमधली भिंत पातळ असली की काय होते? इकडे गुरुजींनी बारा नंबर पुकारला आणि तिकडच्या वर्गातल्या बारा नंबरनेही "हजर" म्हटले. दोन्ही हजेऱ्या चुकल्या. टॉवरही तसाच फसतो आणि थोडी शक्ती शेजारच्या टॉवरच्या ग्राहकाकडे वळवतो. नंबर आलटून पालटून देणे, दोन वर्गांची हजेरी वेगळ्या वेळी घेणे, असे उपाय करतात. पण पुरता इलाज असा अजून नाही.

दुसरी युक्ती मला स्वतःला जास्त आवडते, कारण ती इतवारीत राहणाऱ्याला सहज समजते. पाचशेबारा सहगुणक म्हटले की छाती दडपते. पण गल्लीत लहरीला यायला वाटा खरोखर किती? या टाकीवरून एक, त्या पत्र्यावरून एक, समोरच्या भिंतीवरून एक, फार तर सहासात. एका फोनकडून चौसष्ट अँटेनांना जे चौसष्ट आकडे मिळतात, ते या सहासात वाटांच्या दिशा आणि जोर यांनीच ठरतात. मग चौसष्ट प्रश्न कशाला? नेमकी सहासातच उत्तरे भरलेली आहेत, बाकी रकाने रिकामे, हे आधी ठाऊक असले तर थोड्या प्रश्नांत ती शोधून काढण्याचे गणित आहे. ते २००६ च्या सुमारास कँडेस, रोम्बर्ग, टाओ आणि डोनोहो यांच्या लेखांनी प्रसिद्धीला आले. त्यातही टाकी आणि भिंत जागच्या जागी असतात. ग्राहक दोन पावले चालला तरी लहर येण्याच्या दिशा फारशा बदलत नाहीत. झरझर बदलते ती काट्याची फिरत. तेव्हा दिशा आधीच्या पारखेतून जपून ठेवायच्या, आणि दर वेळी नवे तेवढेच विचारायचे. ओळखीच्या गिऱ्हाईकाला सराफ सगळी वंशावळ विचारत नाही.

यंत्राला शिकवून हे काम करून घेण्याचे प्रयत्नही जोरात आहेत. यंत्राला हजारो वाटांचे नमुने दाखवायचे आणि अर्ध्या खुणांवरून पुरी वाट ओळखायला लावायची. चांगली गोष्ट आहे. पण रुंद रस्त्यांच्या वस्तीत शिकलेले यंत्र सराफा ओळीच्या बोळात आणून ठेवले तर ते चुकेल, एवढे मी माझ्यापुरते धरून चालतो. नमुने कुठले दाखवले, हा प्रश्न तिथे नेहमी विचारावा.

आता खेड्याकडे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. नोंद गेली नाही तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही, आणि पुढे नुकसानभरपाईच्या वेळी अडचण येते. तिथे टॉवर दूर असतो. फोनची खूणलहर टॉवरपाशी पोचेपर्यंत कुजबुजीएवढी होते आणि भोवतालच्या खरखरीत बुडते. उपाय पुन्हा पुन्हा विचारण्याचा: एकच खूण चार वेळा घेऊन सरासरी काढली की चूक निम्मी होते, सोळा वेळा घेतली की पाव होते. चौपट खर्च, दुप्पट फायदा. सौदा महागच आहे. मात्र खेड्याची एक जमेची बाजू आहे. बांधावरचा माणूस उभा असतो, भोवती शटर नाहीत, गर्दी नाही. वाट सावकाश शिळी होते, म्हणून तिथे पुन्हा पुन्हा विचारायला सवड मिळते. इतवारीत खुणा थोड्या पण ताज्या हव्यात. बांधावर त्या लांब आणि सबुरीच्या हव्यात. एकच नियम दोन्हीकडे लावला, तर एका ठिकाणी वेळ वाया जातो आणि दुसऱ्या ठिकाणी फोटो जात नाही. खुणा किती आणि कुठे घालायच्या हे जागा पाहून ठरवण्याची मुभा फाइव्ह-जीच्या नियमांत आहे. ती खेड्यासाठी किती वापरली जाते हे महत्त्वाचे. आपल्या हातात असलेली गोष्ट लहान आहे. फोटो जात असताना चालत राहू नका, उभे राहा. आणि अडलाच तर फोन थोडा इकडेतिकडे सरकवून पाहा. खेड्यात पुष्कळ ठिकाणी सातशे मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्याची लहर असते, तिची लांबी त्रेचाळीस सेंटिमीटर. त्यामुळे तिथे चार बोटे पुरत नाहीत, हातभर सरकावे लागते.

शिक्षकांना वर्गात करून दाखवायला एक प्रयोग सांगतो. एक लहान एफएम रेडिओ घ्या आणि जरा क्षीण ऐकू येणारे केंद्र लावा. शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास लहरीची लांबी तीन मीटर असते. रेडिओ हातात सारख्याच उंचीवर धरून खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीकडे अगदी सावकाश चला. खरखर जिथे वाढेल तिथे मुलांना जमिनीवर खडूने खूण करायला सांगा. दोन खुणांमध्ये कुठे कुठे दीड मीटरच्या आसपास अंतर निघेल; खोलीत लोखंडी कपाट असेल तर खुणा वेड्यावाकड्याही पडतील. मग एका मुलाला पत्र्याचा मोठा तुकडा घेऊन खोलीत फिरायला लावा. खुणा चुकू लागतील. त्या किती वेळाने पुन्हा आखाव्या लागल्या, आणि आखण्यात तासातला किती वेळ गेला, हे मुलांनी वहीत लिहून ठेवावे.